तेच ते, काळं

नेलकटर शोधत होतो, घड्याळ सापडलं. सापडलं म्हणजे हरवलं नव्हतंच. ड्रॉवरमध्ये जुन्या वीजबिलांखाली तोंड वर करून पडलं होतं. दुपारचे तीन, पोटात वरणभात, बाहेर भंगारवाल्याची हाक आणि माझ्या तळहातावर हे काळंठिक्कर चौकोनी. बटण दाबलं. काही नाही. मग जास्त वेळ दाबलं, जोर कमी पडला म्हणून ते बंद आहे अशा समजुतीनं. रिमोटचे सेल संपल्यावरही आपण हेच करतो. तरी नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला घामाची पांढरी कड मात्र शाबूत होती. कधी काळी मी चाललो होतो याचा तेवढाच पुरावा.

लेकीनं दिलेलं. माझी साखर काठावर आली तेव्हा. काठावर हा डॉक्टरांचा शब्द; तो ऐकून आधी बरंच वाटलं, शाळेत काठावर पास व्हायची सवय असल्यामुळे. लेक म्हणाली, "बाबा, तू मंडईपर्यंत जाऊन येतोस आणि पर्वती चढल्यासारखं सांगतोस. आता हे सांगेल खरं काय ते."

सांगायचं बिचारं. रोज 10 हजार पावलांचा आग्रह धरायचं. हा आकडा कुठल्या वैद्यानं नाडी धरून काढलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. यंत्र विसरलं गेलं, आकडा जगभर चिकटला. हे वाचल्यावर मी लगेच सात हजारांवर तडजोड केली. रात्री पांघरुणाखाली ते हिरवं लुकलुकायचं. रक्त हिरवा उजेड भरपूर शोषून घेतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमीजास्त झालं की परत येणारा उजेडही कमीजास्त होतो, त्यावरून नाडी. हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं. "काजवा बांधून झोपताय, एवढं कळलं मला," ती म्हणाली. एकदा गंमत म्हणून ते दुधी भोपळ्याला बांधून पाहिलं, तर भोपळ्याची नाडी 72 निघाली. माझ्याहून बरी.

मग घराला रंग काढला आणि त्या आठ दिवसांच्या धुमाकुळात चार्जर गेला. घड्याळ दोन दिवसांनी मान टाकून ड्रॉवरमध्ये गेलं. आणि आता साखर पुन्हा काठावर.

कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. घड्याळ घरीच ठेवलं होतं. चार्जर आणायला चाललोय, घड्याळ कशाला हवं?

"घड्याळाचा चार्जर हवा होता."

"मॉडेल सांगा काका."

कंपनी सांगितली. त्यानं हात पसरले. एकाच कंपनीच्या एका वर्षाच्या घड्याळाचा चार्जर पुढच्या वर्षीच्या घड्याळाला लागेलच असं नाही म्हणे. बसणारी वाटी वेगळी, पिना वेगळ्या. "घड्याळातच असतं बघा. सेटिंगमध्ये जा, सगळ्यात खाली." घरी येऊन जिना चढेपर्यंत लक्षात आलं की सेटिंगमध्ये जायला घड्याळ चालू हवं, चालू व्हायला चार्जर हवा आणि चार्जर मिळायला मॉडेल हवं. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

लेकीला फोन लावला.

"अगं, ते घड्याळ कुठलं मॉडेल होतं?"

"तेच ते बाबा. काळं."

"काळं दिसतंय मला. नाव काय?"

"तेव्हा सेल लागला होता ना, त्यातलं. ऑर्डरचा मेल बघितला असता, पण तो जुन्या ऑफिसच्या आयडीवर होता. खोक्यावर असेल. खोका कुठाय?"

आमच्या घरात खोका टाकत नाहीत. माळ्यावर चढलो. मिक्सरचा खोका होता, जो मिक्सर 2009 साली मोडीत दिला. टीव्हीचं थर्माकोल होतं. इंटरनेटच्या तीन डब्यांचे तीन खोके होते. घड्याळाचा नव्हता. खालून शिडी धरलेल्या बायकोला बऱ्याच वेळानं आठवलं, "अहो, तो छान जाड होता ना, आतून मखमलीसारखा? त्यात घालून नाशिकच्या वहिनींना निरंजन दिलं आपण." म्हणजे माझं मॉडेल नाशिकला. वहिनींना विचारण्यात अर्थ नव्हता. चांगला खोका आपल्याकडे एका घरात थांबत नाही. तो एव्हाना कुणाच्या तरी मुंजीत बटूच्या हातात पडून पुढे गेला असणार. जुन्या फोनमध्ये घड्याळाचं नाव उमटत असे, पण तो फोन एक्स्चेंजमध्ये गेला.

राहिली घड्याळाची पाठ. माझ्याकडे शाळेत असताना तिकिटं जमवायचो तेव्हाचं भिंग आहे. खिडकीशी बसलो. पाठीवर गोल फिरत गेलेली करडी अक्षरं, मोहरीहून बारीक. वाचायला घड्याळ फिरवावं तर बोटाची सावली पडते. मान फिरवावी तर मणक्यात कळ. पहिलं लागलं '5 एटीएम'. हे मॉडेल नव्हे, 50 मीटर खोल पाण्याएवढा दाब सोसेल असं वचन. आम्ही बादलीच्या पुढे कधी गेलो नाही. मग 'आयपी 68'. तेही पाण्याधुळीचंच. मग 'आयएस 13252'. हेच! लेकीला कळवलं. ती इतकी हसली की मी फोन कानापासून लांब धरला. "बाबा, ते भारतीय मानक ब्यूरोचं मानक आहे. तुझ्या लॅपटॉपच्या चार्जरवर पण असेल बघ." उठून पाहिलं. होतं. त्याच्याखालचा आर-नं सुरू होणारा आठ आकडी नंबरही त्याच नोंदणीचा निघाला. शेजारी फुली मारलेली कचऱ्याची पेटी: कचऱ्यात टाकू नका. हे सांगायला आमच्या घरी कुणाची गरज नाही. आणि त्यानंतर जिथे मॉडेल असायला हवं, तिथे मनगटावर घासून घासून अक्षरं गेलेली. एक उभी रेघ आणि एक शून्य. किंवा ओ.

शेवटी कंपनीची मदत उघडली. तिथे प्रश्नोत्तरं होती. बटणं किती? एक. डावीकडे की उजवीकडे? घड्याळ कसं धरलंय त्यावर आहे हो ते. बटण दाबलं की हलकी थरथर जाणवते का? आत्ता फक्त मला जाणवतेय. पट्टा 20 मिलिमीटरचा की 22 चा? कंपासपेटीतली पट्टी आणून मोजलं तर 21 भरला. मग खाली दहाबारा फोटो. पेणच्या कारखान्यात रंग द्यायच्या आधी ओळीनं ठेवलेले गणपती बघावेत तसे. सगळे सारखे, प्रत्येकाची किंमत वेगळी.

'कुठल्या मॉडेलचं' या प्रश्नाची मला लहानपणापासून धास्ती आहे. साताऱ्यात आमच्या कुकरचं रबर सैल व्हायचं आणि झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसायला लागली की आई म्हणायची, "चल रे, रबर आणायचं." पहिल्या वेळी ती नुसतीच गेली. दुकानदारानं विचारलं, "किती लिटरचा?" आई म्हणाली, "आम्ही सहा माणसं आहोत." "आतल्या झाकणाचा की बाहेरच्या?" आईनं हवेत झाकण लावून दाखवलं. त्यानं दिलेलं रबर घरी येऊन बसवलं तर बोटभर मोठं. दुसऱ्या वेळी मात्र तिनं आख्खं झाकणच पिशवीत घातलं. पिशवी माझ्याकडे. मोती चौक येईपर्यंत ते झाकण पिशवीतून बाहेर आलं होतं आणि मी डाव्या हातात ढाल धरून दोन म्हशी आणि एक सायकलवाला परतवून लावला होता. दुकानदारानं खुंटीवरच्या रबरांच्या माळेतून एकेक काढून झाकणावर चढवलं. अंगठ्यानं कडेकडेनं दाबत एक फेरी पूर्ण करायचा. शेवटी वीतभर फुगा राहिला की ते परत खुंटीला. चौथं बसलं. आईनं ते नाकाशी नेलं, नवीन रबराचा वास घेतला आणि पैसे काढले. कुकर कुठल्या मॉडेलचा होता हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. झाकण चेपलं तेव्हा कुकर बदलला, पद्धत नाही.

घड्याळाच्या बाबतीत तेव्हा प्रश्नच नसायचा. एचएमटीचं असायचं आणि नाव तबकडीवर लिहिलेलं. बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं 1961 साली कारखाना निघाला आणि त्यांनी घड्याळांना माणसांसारखी नावं दिली. वडिलांचं 'जनता'. सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की ते उभ्यानं किल्ली द्यायचे, घट्ट लागेपर्यंत; तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही. काकांच्या लग्नात मुलीकडून 'कांचन' आलं, सोनेरी. सगळ्यात भारी मामा. त्याच्या हातात 'पायलट' आणि मामा तलाठी. विमान त्यानं फक्त शेतावरून जाताना पाहिलं, पण कुणी विचारलं की मनगट पुढे करून सांगायचा, "पायलट आहे." पुढचं ऐकणाऱ्यानं ठरवायचं. वडिलांच्या जनताला चार्जर नव्हता. पावलं ते स्वतः मोजायचे नाहीत, ऑफिस दोन मैलांवर होतं.

तर झाकण न्यायचं. घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला; ती पावलं मोजली गेली नाहीत याची हळहळ वाटली. दुकान म्हणजे दोन माणसं तिरकी उभी राहतील एवढी फट. आत एक पोरगा, कानात इअरफोन. मी तयारीनं गेलो होतो. कंपनी, अंदाजे साल, बटण, पट्टा 20 की 22 हा वाद, उभी रेघ आणि शून्य. तोंड उघडलं, तोवर त्यानं घड्याळ माझ्या हातातून घेऊन उलटं केलं होतं. पुढचा भाग त्यानं पाहिलाच नाही. करंगळीच्या नखानं पिनांवरचा मळ खरवडला, फुंकर मारली, "दोन पिना, मॅग्नेट," असं स्वतःशीच म्हणाला आणि मागे लटकणाऱ्या वायरींच्या जुडीत हात घातला. पहिला चार्जर निसटला. दुसरा जवळ नेला तर घड्याळानं त्याला दूर लोटलं, लोहचुंबकाची तोंडं उलटी. तिसरा हातातून सुटून आपण होऊन चिकटला. टक्.

"अडीचशे द्या काका."

पैसे देताना राहवेना. "मॉडेल कुठलं म्हणायचं हे?"

"मॉडेल नाय माहीत," तो म्हणाला. "बसला ना?"

घरी आलो आणि स्वयंपाकघरातल्या प्लगला लावलं. बराच वेळ काळं. मग काचेच्या मधोमध कंपनीचं चिन्ह उगवलं, गेलं, परत आलं. तारीख भलतीच. सेटिंगमध्ये गेलो, सगळ्यात खाली, अगदी त्या दुकानदारानं सांगितलं तिथे, मॉडेल होतं. सांगण्यासारखं काही नाही. तीन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे, जुन्या स्कूटरच्या पाटीवर असायचे तसे. याला कांचन म्हणता येणार नाही आणि पायलट तर नाहीच. तरीही कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जातं हे लिहून झाल्यावर आठवलं.

मग ते चार्जरवरून काढून मनगटावर बांधलं. हिरवा उजेड लागला. पावलं शून्य, नाडी 81, जिन्यामुळे असेल.

"अहो, किती झाल्या?" बायकोनं बाहेरून विचारलं.

"शून्य. आत्ताच चालू झालंय."

"शिट्ट्या विचारतेय मी."

कुकर माझ्या कोपरापासून दोन हातांवर होता.

"तीन," मी म्हणालो. मग म्हणालो, "की दोन?"

तिनं आत येऊन गॅस बंद केला. डाळ कच्ची निघाली.