लईराईच्या वाटेवर

लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरून जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा भक्त, म्हणून हे माझं पाचवं वर्ष, पण गोव्यातल्या म्हापशाहून देवीच्या शिरगावला अनवाणी चालत पहिल्यांदाच गेलो. पहाटे चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, हात जोडून निघालो, ती पण लईराईची बहीणच, आमची मिराबाई. थिवीपर्यंत बरं होतं, मग ऊन चढलं, डांबर तापलं आणि डाव्या टाचेखाली फोड आला तो फुटला पण. मेळातले सगळे पुढे गेले, कोणी मागे बघितलं सुद्धा नाही. इतका राग आला, तोंडात देवीचं नाव आणि मनात शिव्या.

अस्नोड्याच्या अलीकडे एका घराच्या बलकावावर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसलो. एक म्हातारी बाय पाण्याचा तांब्या घेऊन आली, गळ्यात खुरीस म्हणजे क्रूस, आणि माझ्या हातातला वेत बघून दारातच थांबली. आमच्या मेळात सोवळ्यात दुसऱ्याच्या हातचं पाणी घेत नाहीत, पण हे तिला सांगायला माझी जीभ उचलेना. तिनेच तांब्या खाली ठेवला. "तूं धोंड न्हय मरे?" म्हणाली आणि मला बांयवर, विहिरीवर, घेऊन गेली. घरातून कोरी दोरी आणून दिली, कळशी माझ्याकडूनच घासून घेतली, "आतां तूंच ओड" म्हणून लांब जाऊन उभी राहिली. पहिली कळशी पायावर ओतली आणि मला रडूच आलं. निघताना म्हणाली, "सायबिणीचे भयणीक म्हजो नमस्कार सांग."

पुढे मुळगावची केळबाय, ती पण बहीणच, मग शिरगावची लाल धूळ, तळीवरच्या आंघोळी, रांधप, ते दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. डोक्यात एकच, खेतोबा. सात बहिणींचा एकुलता भाऊ, विस्तव आणायला धाडला तर पोरांत खेळत रमला, लईराईने रागाने लाथ मारली आणि मग पश्चात्ताप होऊन ती स्वतः निखाऱ्यांवरून चालली. मी घराच्या वाटणीवरून धाकट्या भावावर हात उचलला त्याला दोन वर्षं झाली, भिंत एकच पण बोलणं नाही.

पंचमीची रात्र सरता सरता होमकुंडातून गेलो. फोडाचं भानच नव्हतं, ठणका लागला तो नंतर तळीवर.

येताना मोगऱ्याचे दोन कळे आणले. एक आमच्या देव्हाऱ्यात, दुसरा घेऊन धाकट्याच्या दारात गेलो. भावजयीने दोन्ही हातांनी घेतला. तो आत होता, खोकल्याचा आवाज आला, बाहेर आला नाही.