बेडरूमच्या भिंती आणि आपला हात

आमच्या पुण्यातल्या जुन्या इमारतीतील बेडरूम यंदा दिवाळीनंतर मी स्वतः रंगवली. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की शेड कोणता घेतला. मला मात्र वाटते की त्याआधी भिंतीवर आज काय आहे, हे विचारायला हवे. खिडकीशेजारचा एक सैल पोपडा पत्र्याने उचलला तेव्हा आमच्या भिंतीचा इतिहास जाडीसकट हातात आला. वर मोतिया रंगाचे प्लास्टिक इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, त्याखाली पोपटी डिस्टेंपर आणि सगळ्यात आत नीळ घातलेला चुना, जो नखाने खरवडला तरी भुकटी होऊन गळत होता. अशा भुकटीवर कितीही महागाचा रंग चढवला, तरी तो भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतो आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्यासकट सुटून येतो.

म्हणून सुरुवातीला भिंतीवर कोरडा तळवा घासून पाहावा. हाताला पांढरे लागले, तर तो डिस्टेंपर किंवा चुना असतो आणि तो ओल्या फडक्याने धुऊन, खरवडून काढावाच लागतो. हात स्वच्छ राहिला आणि पृष्ठभाग चकचकीत असला, तर तो बहुधा ऑइल पेंट असतो. त्याची चकाकी पॉलिश पेपरने मारल्याशिवाय इमल्शन त्यावर धरत नाही. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत, मर्यादित करणारे नियम आपल्याकडे 2016 साली आले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. असा थर कोरडा घासून धूळ उडवू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओला घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर ते काम संपून खोली ओल्या फडक्याने पुसली जाईपर्यंत त्यांना तिकडे येऊ देऊ नये.

दुसरी चौकशी ओलीची. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून असते आणि बहुतेक घरांत पोपडे त्याच भिंतीला, स्कर्टिंगच्या वरच्या हातभर पट्ट्यात येतात. तेथे प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले, तर पाणी भिंतीतून येते आहे असे समजावे आणि रंगाचा विचार सोडून आधी प्लंबरला बोलवावे. लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार, लागलेल्या भिंतीवर वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा रंग आतून फासणे हा उपाय नव्हे, कारण पाण्याचा दाब मागून असतो आणि तो कोणताही थर पुढे ढकलतो. पावसाळ्यानंतर भिंतींना महिनाभर तरी सुकू द्यावे, हा जुन्या पेंटरांचा आग्रह याच कारणासाठी असतो.

यानंतर लांबी, म्हणजे भोके-भेगा भरायची पुट्टी, आणि येथे घरच्या माणसाने घाई करू नये. चौरस फुटावर पैसे घेणाऱ्या माणसाला खिळ्याचे प्रत्येक भोक दोनदा भरणे परवडत नाही. आपल्याला परवडते, आणि भिंती स्वतः रंगवण्याचा मला दिसलेला खरा फायदा हाच आहे. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्यात थोडीथोडीच कालवावी, कारण दोन-तीन तासांत ती घट्ट होते. भोके व भेगा भरून वाळल्या की बारीक पॉलिश पेपरने घासावे आणि मग खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरावा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर त्या उजेडात एकेक उंचवटा लांब सावली टाकतो, आणि तोच उंचवटा रात्री ट्यूबलाइट लावल्यावर पुढची सात-आठ वर्षे दिसत राहणार असतो. घासून झाल्यावर भिंत पुसून प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक हात (थर) द्यावा. तो वाचवला, तर लांबी भरलेल्या जागा जास्त रंग शोषतात आणि दोन हात मारूनही तेथे निस्तेज ठिपके उमटतात.

रंग किती आणावा याचा हिशोब सोपा आहे. दहा बाय बाराच्या खोलीच्या चार भिंतींची लांबी 44 फूट होते. साडेनऊ फूट उंची धरली, तर 418 चौरस फूट, त्यातून दार आणि खिडकी वजा जाता सुमारे 380. लिटरमागे दोन हातांचे शंभर चौरस फूट धरले की चार लिटरचा डबा पुरतो. हा सगळा रंग एकदमच घ्यावा. दुकानात शेड मशीनवर मिसळून देतात, त्यामुळे नंतर आणलेला लिटरभर त्याच नंबरचा असला, तरी किंचित वेगळा निघू शकतो. आमच्या दुकानदाराच्या भाषेत सांगायचे, तर ‘साहेब, मशीन तेच असतं, पण थेंब कमी-जास्त होतो.’ शेडकार्डावरचा दोन इंची चौकोन पाहून रंग ठरवू नये. छोटा डबा घेऊन भिंतीवर दोन फुटांचा पट्टा मारावा आणि तो वाळल्यावर सकाळी व दिव्याखाली असा दोन्ही वेळा पाहावा, कारण इमल्शन ओले असताना फिके दिसते व वाळल्यावर गडद होते.

प्रत्यक्ष रंगवण्याबद्दल सांगण्यासारखे तुलनेने थोडे आहे. पाणी डब्यावर लिहिले असेल तेवढेच घालावे. कोपरे, चौकट आणि छताची कड आधी दोन इंची ब्रशने ओढून घ्यावी आणि ती ओली असतानाच रोलर तिच्यापर्यंत न्यावा. एक भिंत सुरू केली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुरी करावी; मध्येच चहाला गेलो, तर जोडाची रेघ वाळून उठून दिसते. पंखा त्या वेळी बंद ठेवावा, म्हणजे कड लवकर सुकत नाही. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यावेत. तोवर रोलर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळून ठेवला तर धुवावा लागत नाही. कडा झाकायला लावलेली मास्किंग टेप शेवटचा हात पुरता वाळण्याआधीच काढावी, नाहीतर तिच्याबरोबर रंगाची कड सोलून येते. छत मात्र पेंटरला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मान वर करून, डोळ्यांत थेंब झेलत केलेल्या त्या कामात हौस फार टिकत नाही आणि शिडीवरून पडण्याचा धोकाही तेथेच जास्त असतो.

पंधरवडाभर तरी भिंती ओल्या फडक्याने पुसू नयेत आणि कपाट पुन्हा टेकवून लावू नये. उरलेला रंग अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवला तर त्यावर साय धरते. तो काठोकाठ भरेल अशा लहान बरणीत ओतून झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहावी. वर्षभरात एखादा ओरखडा आला, तर तेवढा लपवायला तो पुरतो. त्यानंतर मात्र भिंतीचा रंग थोडा उतरलेला असतो आणि ठिगळ दिसते, तेव्हा ती अख्खी भिंतच पुन्हा रंगवणे बरे.