काळी रेघ भट्टीत का टिकते?

तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोलोरॅडोत आमच्याकडे उतरलेले पाहुणे मेसा व्हर्डीची कड्याच्या कपारीतली घरे पाहून परतले की बहुतेकांची शंका एकच असते : प्वेब्लो लोकांच्या (अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या मूळ रहिवाशांच्या) पूर्वजांनी १२००च्या सुमारास पांढऱ्या मगांवर काढलेली काळी नक्षी जर झाडपाल्याच्या रसाची असेल, तर ती भट्टीत जळून कशी गेली नाही?

हा रस बीवीड नावाच्या झुडपाचा, म्हणजे आपल्या तिळवणीच्याच कुळातल्या वनस्पतीचा असे. पाला उकळून, रस काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचा आणि युक्का या घायपातीसारख्या झुडपाच्या पानाचे टोक दातवणासारखे चावून केलेल्या कुंचल्याने रेघ ओढायची. त्याआधीचे काम मात्र अधिक कष्टाचे होते. चाक नव्हतेच, मातीत जुन्या खापरांची पूड किंवा कुटलेला दगड मिसळून, वळीवर वळी चढवून भांडे उभे करायचे, ते खरवडून पातळ करायचे, मग पांढऱ्या मातीचा लेप देऊन गुळगुळीत गोट्याने घोटायचे. रस या लेपात मुरतो, म्हणून जवळून पाहिले तर रेघेची कड किंचित फुटलेली दिसते. न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्यात लोहयुक्त दगड वाटून केलेला रंग बराच काळ चालत असे. तो वरच्यावर बसतो आणि त्याची कड अधिक रेखीव राहते.

आता मूळ शंका. तापल्यावर रसाचा आधी कोळसा होतो, आणि तो कोळसा जळून जायला मोकळी हवा लागते. तीच नेमक्या वेळी तोडायची. जमिनीत लांबट चर खणून त्यात लाकडे पेटवायची, निखारे झाले की त्यांवर वालुकाश्माच्या फरश्या, फरश्यांवर भांडी, भांड्यांवर फुटकी खापरे आणि पुन्हा लाकडे रचायची, आणि ती जळत आली की सगळ्यावर माती लोटायची. असे चर मेसा व्हर्डीच्या परिसरात बरेच सापडले आहेत.

मी परसात हे करून पाहिले तेव्हा माती लोटायला उशीर झाला. दोन दिवस खपून रंगवलेल्या वाडग्याच्या एका अंगाला नक्षीची नुसती करडी सावली उरली. दुसरे अंग राखेत रुतले होते, तिथे तीच रेघ काळीभोर निघाली. हल्ली कोणी शंका काढली की मी तो वाडगाच हातात देतो.