सुया, गोळी आणि बुधवार

माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. तो नऊ वर्षांचा असताना चैत्रातल्या एका हळदीकुंकवाहून परतलेल्या सासूबाईंनी सांगितले की, आपल्या इंदुरातच एक वैद्य ॲक्युपंक्चरने, म्हणजे अंगात बारीक सुया टोचण्याच्या चिनी पद्धतीने, ‘मतिमंद’ मुलांना बोलते करतात. सासूबाईंचे माहेर सोलापूरचे, त्यामुळे चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या सोलापूरच्याच डॉ. कोटणीसांचा दाखला लगोलग आला. वास्तविक चीनमध्ये १९४२ साली वारलेले कोटणीस शल्यचिकित्सक होते. ही पद्धत भारतात आणली ती त्यांच्याच वैद्यकीय पथकातील डॉ. बसूंनी. पण तो वाद मी घातला नाही.

वैद्य डोक्याच्या मध्यभागी एक व तिच्याभोवती चार सुया टोचून वीस मिनिटे ठेवीत. पेशींत २१ व्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असणे हे या स्थितीचे मूळ असून ते सुईने बदलणार नाही, हे त्यांनाही मान्य होते. त्यांचा दावा वाणी आणि एकाग्रता यांपुरताच होता. तिसऱ्या महिन्यात मुलगा “आजी, चल” असे दोन शब्द जोडून म्हणाला आणि घरात पेढे वाटले गेले.

मी मात्र तारखा लिहीत असे. त्याच वर्षी वाणी-उपचार आठवड्यातून दोनदा सुरू झाले होते, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची थायरॉइडची तपासणी जी दरवर्षी व्हावी लागते, तिच्यात कमतरता आढळून गोळीही सुरू झाली होती. त्याची दिवसभराची सुस्ती गेली ती त्यानंतर. तीन गोष्टी एकाच वेळी चालू असताना श्रेय सुयांना कोणत्या आधारावर द्यायचे? स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवरील दहा चाचण्यांचा, ३९० मुलांचा, वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०११ मधील आढावाही सुयांच्या वापराला पुरेसा आधार देत नाही. स्वमग्नता हे वेगळे निदान आहे, हे खरे; तरीही तेवढ्यावरून मी सावध झाले.

सुयांनी इजा झाली नाही. तो एकदाच रडला. मला खुपले ते निराळेच. दवाखान्याची वेळ बुधवारची असल्याने वाणी-उपचाराची एक पाळी सतत चुकत होती. मी सुया बंद केल्या आणि बुधवार मोकळा केला.

सासूबाई आजही श्रेय सुयांनाच देतात. मात्र सकाळची गोळी त्याच न चुकता देतात आणि त्यानंतर अर्धा तास त्याला पोह्यांच्या बशीजवळ फिरकू देत नाहीत.