कौलारू घर: मिरगाच्या आधी आणि हत्तीच्या पावसानंतर

कोकणातल्या कौलारू घराची वर्षभराची देखभाल छपरापासून सुरू होते. शाकारणीला, म्हणजे पावसाआधीच्या छपराच्या डागडुजीला, मे महिन्याचा पहिला पंधरवडा गाठावा. नंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि गडीही मिळत नाहीत.

गळतं घर बघून आधी फुटकी कौलं शोधायची सवय असते. दुपारी माळ्यावर अंधार करून वर पाहिलं की उजेडाचे ठिपके दिसतात. तिथलं कौल फुटलेलं किंवा सरकलेलं असतं. पण बरीचशी गळती अशी दिसत नाही. मंगलोरी कौलाच्या कडेच्या खाचेत आंब्याचा पालापाचोळा आणि माती साठते, पाणी खाली वाहण्याऐवजी तुंबतं आणि खाचेवरून आत उतरतं. म्हणून आधी कडक झाडूने छप्पर आढ्यापासून वळचणीपर्यंत झाडून घ्यावं, मग कौलं बदलावीत. आणखी एक गोष्ट: थेंब जिथे पडतो तिथेच भोक असतं असं नाही. पाणी वाशावरून घरंगळत येतं, तेव्हा शोध चढाच्या दिशेने घ्यायचा.

एक कौल बदलायला अख्खी ओळ उतरवू नये. वरचं आणि बाजूचं कौल लाकडी पाचरीने बोटभर उचलावं, फुटकं ओढून काढावं, नवं सरकवून त्याचं नाक रिपेत (वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्टीत) अडकल्याची खात्री करावी. चालताना पाय कौलाच्या मध्यावर नको. खालच्या कडेवर, जिथे दोन कौलं एकमेकांवर येतात आणि खाली रीप असते, तिथे ठेवावा. नवी कौलं आणताना जुनं एक सोबत न्यावं. मागे कारखान्याचा छाप असतो. वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळेलच असं नाही, आणि न जुळलेलं कौल फुटक्याइतकंच गळतं. विकत घेताना बोटाने वाजवून पाहावं. खणखणीत वाजलं तर घ्यावं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे.

आढ्यावर सिमेंट थापणं हा सर्रास होणारा घोळ. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. सिमेंट त्याच्यासोबत हलत नाही, तडकतं, आणि ती बारीक चीर पाणी शोषून घेते. एक भाग चुना, तीन भाग वाळू हा जुना माल तिथे बरा. दोन उतार आत मिळतात तिथला पत्रा मात्र दरवर्षी हाताने चाचपून पाहावा. गंज वरून नाही, पाचोळ्याखाली धरतो.

झड पश्चिमेकडून येते. त्या बाजूच्या पडवीला झापं किंवा ताडपत्री बांधावी, पण वर वीतभर फट ठेवून. सगळं बंद केलं की आत बुरशी धरते. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचू नये म्हणून वळचणीखाली चर खणून उतार बाहेर द्यावा.

पावसात करण्यासारखं फार नसतं: भिंतीपासून कपाटं वीतभर पुढे, आणि आरसीसीबीचं (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघणं. बटण दाबूनही ते पडलं नाही तर वायरमनला बोलवावं.

हत्तीचा (हस्त नक्षत्राचा) पाऊस ओसरला की भिंतींकडे वळायचं. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उन्हात सोडतो. बाहेरून सिमेंट गिलावा केला तर ओल आतच कोंडते आणि आतला रंग पापुद्रे होऊन सुटतो. निदान तीन आठवडे कडक ऊन मिळू द्यावं, मग चुना मारावा. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात टाकल्यावर उकळते, म्हणून पत्र्याच्या पिंपात विरघळवावी, डोळे सांभाळावेत, रात्रभर ठेवून कापडाने गाळावी. भिंत ओली करून दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला की चुना हाताला लागत राहतो.

लाकडाचं काम फेब्रुवारीत. वाशांची भिंतीत शिरणारी टोकं स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघावीत. टोक सहज रुतलं तर आत वाळवी किंवा कूज आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर मोडून, त्या जमिनीतून कुठून वर आल्या ते शोधावं. नुसत्या नळ्या पुसल्या तर आठवड्याभरात परत येतात. चांगल्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावावं, पण हातमोजे घालूनच. कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात.