सोंग घेऊन शिरलेले गाणे

मोटारगाडी सहज पंधरा वर्षे टिकते आणि गाणी वाजवणारे खिशातले यंत्र तीन-चार वर्षांत जुने होते. मोटारीतल्या संगीताचा सारा तिढा या विसंगतीतून निर्माण झालेला आहे. डॅशबोर्डात बसवलेल्या स्टिरिओला कारखान्यात ज्या वाटा मिळाल्या, त्यांवरच त्याला जन्मभर भागवावे लागते. ऑक्टोबर 2001 मध्ये 5 गिगाबाइटचा पहिला आयपॉड आला, तेव्हा रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांना रेडिओ आणि कॅसेट एवढेच ठाऊक होते. काही नशीबवान गाड्यांना सीडीही कळत असे. खिशात हजारभर गाणी आणि ती आत घ्यायला स्टिरिओला दारच नाही, अशी ही अवस्था होती. मग स्टिरिओ ज्यांना ओळखत होता त्यांचे सोंग गाण्यांनी घेतले. खिशापासून डॅशबोर्डापर्यंतच्या त्या हातभर प्रवासासाठी घेतलेली ही सोंगे मी वर्षानुवर्षे कौतुकाने पाहत आलो आहे आणि त्यांतली बरीचशी वापरलीही आहेत.

यांतले सर्वांत देखणे सोंग कॅसेटचे. ते मुळात डिजिटल प्लेअरसाठी नव्हतेच. पोर्टेबल सीडी प्लेअरच्या काळात ते रूढ झाले आणि पुढे एमपीथ्री प्लेअरला आयते मिळाले. कॅसेटच्या आकाराची एक प्लास्टिकची डबी, तिच्या कडेतून निघालेली बारीक वायर आणि वायरच्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन, एवढाच त्याचा जामानिमा. आत फीत नसतेच. फितीच्या जागी एक छोटे चुंबकीय हेड असते आणि ते टेपच्या हेडसमोर अगदी खेटून बसते. एरवी फितीवरच्या चुंबकीय खुणा सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने हेडसमोरून सरकतात. इथे काहीच सरकत नाही, समोरचे हेडच क्षणाक्षणाला बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि टेप बिचारा ते फितीवरचे गाणे समजून वाजवत राहतो. फीत नसल्यामुळे तिची खरखर नाही आणि ती लडखडल्याने सुरांचे हेलकावे घेणेही नाही.

परंतु खरी कलाकारी त्या डबीतल्या दातेरी चाकांची. टेपमधला एक दांडा फिरला की ती चाके दुसऱ्यालाही फिरवतात, कारण चक्र फिरायचे थांबले की फीत संपली असे टेप समजतो आणि खट् आवाज करून बाजू बदलतो किंवा कॅसेट बाहेर फेकतो. पूर्ण गाणेभर ती चाके काहीही न गुंडाळता, काहीही न उलगडता इमानाने फिरत असतात. एखादे चाक झिजले, तर दर काही सेकंदांनी खट्, खट् सुरू होते आणि भल्या माणसाचाही धीर सुटतो. आणखी एक बारकावा म्हणजे टेपवरचे डॉल्बीचे बटण बंद ठेवावे लागते. ती सोय फितीची खरखर दाबण्यासाठी असते, पण गाण्यावर ध्वनिमुद्रणाच्या वेळी डॉल्बीचा संस्कार झालेला नसेल तर ती वरच्या पट्टीतले स्वरच दाबून टाकते आणि झांजा गोणपाटाआडून वाजल्यासारख्या ऐकू येतात.

दुसरे सोंग रेडिओ केंद्राचे. छोटासा एफएम ट्रान्समीटर प्लेअरला जोडायचा, 87.5 ते 108 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली एखादी मोकळी जागा शोधायची आणि रेडिओ तिथे लावायचा. गाडीपुरते एक खासगी आकाशवाणी केंद्रच! सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही, असे म्हणतात. या ट्रान्समीटरला ताकदीचे सोंग आणता येत नाही. ब्रिटनमध्ये तर 2006 च्या डिसेंबरपर्यंत असे ट्रान्समीटर वापरणेच बेकायदा होते आणि त्यानंतर परवानगी मिळाली ती 50 नॅनोवॉट शक्तीपुरती. एवढ्याशा जिवाला गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बाहेरच्या अँटेनापर्यंत पोहोचायचे असते, आणि त्याच अँटेनावर किलोवॉटमध्ये बोलणारी खरी केंद्रे आदळत असतात. शहरातून निघताना मोकळी असलेली जागा पुढच्या शहरात कोणाच्या तरी बातम्यांनी व्यापलेली असते, आणि चालत्या गाडीत ती बदलत बसणे हा धोक्याचा उद्योग आहे. कधी सिग्नलला शेजारच्या गाडीतही असाच ट्रान्समीटर त्याच जागेवर लावलेला असतो आणि त्या अनोळखी माणसाची आवड क्षणभर आपल्या गाडीत घुमून जाते. मला हा प्रकार त्रासाचा कधी वाटला नाही, पण संगीत ऐकण्याची ही रीत नव्हे हेही खरे. भरीला एफएम स्टिरिओ प्रसारणात आवाजाची वरची मर्यादाच सुमारे 15 किलोहर्ट्झ असते, कारण 19 किलोहर्ट्झवर स्टिरिओचा खूणसंकेत बसलेला असतो. त्यामुळे वाहिनी कितीही स्वच्छ मिळाली तरी गाण्याचा शेंडा छाटलेलाच राहतो.

सीडी चेंजरचे सोंग त्या मानाने श्रीमंतांचे. डिकीत सीडींचा चेंजर, म्हणजे अनेक तबकड्या आपोआप बदलून वाजवणारे यंत्र, जोडलेला आहे असे स्टिरिओला त्याच्याच सांकेतिक भाषेत पटवून देणारी पेटी डॅशबोर्डामागे बसवली जाई, आणि प्लेअरमधल्या याद्या स्टिरिओला तबकड्या म्हणून दिसत. 2004 साली बीएमडब्ल्यू आणि अॅपल यांनी स्टिअरिंगवरच्या बटणांनी आयपॉड चालवता येईल अशी जोडणी जाहीर केली, तेव्हा मोटारउद्योगाने या पाहुण्याची पहिल्यांदा उघड दखल घेतली.

ही सारी सोंगे एका गोष्टीत सारखी आहेत. प्लेअरमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात असते. ते उलगडले की सीडीच्या मापाने दर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, आणि असे दोन कानांसाठी दोन संच. परंतु प्लेअरमधून बाहेर पडण्याआधीच या आकड्यांची विजेची लहर झालेली असते, आणि पुढच्या हातभर अंतरात तिला चुंबक, हवा किंवा तार यांच्या स्वाधीन व्हावे लागते. डिजिटल संगीत म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगत होतो, ते गाडीत शिरताना डिजिटल उरलेलेच नसे.

ऑक्सच्या, म्हणजे बाहेरचे यंत्र तारेने जोडण्यासाठी स्टिरिओला दिलेल्या छिद्राचेही तसेच, पण तिथे निदान सोंग नसते. हेडफोनच्या जागेतून निघालेली लहर सरळ तारेने स्टिरिओच्या अॅम्प्लिफायरकडे जाते. मला आजही ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते, तिची दोन दुखणी धरूनसुद्धा. एक दुखणे दोन व्हॉल्यूमचे. प्लेअरचा आवाज बारीक आणि स्टिरिओचा मोठा ठेवला तर गाण्याबरोबर सूऽऽ असा आवाजही मोठा होतो, आणि त्याच अवस्थेत चुकून रेडिओ लागला तर आतले सगळे दचकतात. प्लेअर चार पंचमांश आणि उरलेले काम स्टिरिओवर, हे प्रमाण बहुधा जुळते. दुसरे दुखणे अधिक गमतीचे आहे. प्लेअर ऑक्सला जोडलेला असताना तोच गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चार्जिंगला लावला की गाण्यामागून एक बारीक शीळ येऊ लागते, आणि अॅक्सिलरेटर दाबला की शिळेची पट्टी चढते, सोडला की उतरते. इंजिनच गाण्यात साथ करू लागते. गाडीच्या धातूच्या अंगाशी प्लेअर आता दोन वाटांनी जोडला गेलेला असतो, एक चार्जरची आणि एक ऑक्सच्या तारेची. त्या दोन वाटांच्या वेढ्यातून अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राच्या विजेची थरथर आवाजात उतरते. खात्री करायची तर चार्जर उपसावा. शीळ तत्क्षणी थांबते. उपाय म्हणून ऑक्सच्या तारेत दोन छोट्या ट्रान्सफॉर्मरांची डबी घालता येते. त्यातून गाणे चुंबकीय मार्गाने पलीकडे जाते आणि तारेचा धातूचा दुवा तुटतो. स्वस्तातली डबी मात्र शिळेबरोबर ढोलाचा घुमाराही गिळते.

यूएसबी आली आणि गाणे खऱ्या अर्थाने आकड्यांच्या रूपात स्टिरिओच्या आत पोहोचले. आता लहर तयार करण्याचे काम स्टिरिओचे. पण यात प्लेअरची पदावनती झाली, हे फारसे कोणी बोलत नाही. बहुतेक साध्या स्टिरिओंना जोडलेला प्लेअर हा प्लेअर म्हणून दिसतच नाही. दिसतो तो केवळ एक पेनड्राइव्ह, फाइल साठवण्याची जागा. त्यातल्या याद्या, आवडीच्या खुणा, मागच्या वेळी जिथे थांबलो ती जागा, हे सगळे गौण ठरते आणि कारभार स्टिरिओच्या तुटपुंज्या अकलेवर चालतो. कित्येक स्टिरिओ गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने ती कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, त्यामुळे नावापुढे 01, 02 असे आकडे घालूनही मैफिलीचा शेवट आधी येतो. पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला नसेल तर काही स्टिरिओ त्याची ओळखच देत नाहीत. आणि देवनागरीत नाव लिहिलेले गाणे पडद्यावर चौकोनांची रांग होऊन येते, तेव्हा पुढे काय वाजणार हे ओळखण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वाट पाहणे.

ब्लूटूथने सोंगाची बाजूच उलटवली. इथे फोन फोनच राहतो आणि सोंग गाडी घेते. फोनपुढे ती हेडफोनच्याच भूमिकेत उभी राहते. वाटेत गाण्याला मात्र दुसऱ्यांदा दाबले जाते. एमपीथ्री आधीच काटछाट केलेली असते. फोन ती उलगडतो, एसबीसी किंवा तशाच एखाद्या पद्धतीने पुन्हा आवळतो आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवरून पाठवतो. घरात चांगल्या हेडफोनवर हा फरक कानाला जाणवू शकतो. धावत्या गाडीत टायरांचा आणि वाऱ्याचा घोष असताना तो ऐकू येतो असे सांगणाऱ्यांचे मला कौतुक वाटते, पण माझा विश्वास बसत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. गाडी सुरू होताच काही फोन न सांगता वर्णानुक्रमे पहिले गाणे वाजवू लागतात, आणि वर्षभर तेच एक गाणे कानी पडते. या पीडेवर 2017 साली कोणीतरी सुमारे दहा मिनिटांच्या निव्वळ शांततेचे गाणे विक्रीला काढले, नावाच्या सुरुवातीला मुद्दाम ‘ए’ची माळ लावून; आणि लोकांनी ते पैसे देऊन घेतले.

जुन्या स्टिरिओला यांतली एकही वाट नसेल, तर पूर्वी स्टिरिओच बदलणे हा सरळ उपाय होता, कारण 180 बाय 50 मिलिमीटरची खाच बहुतेक गाड्यांत सारखी असे. आता स्टिरिओ, एसीची बटणे आणि मागचा कॅमेरा एकाच पडद्यात गुंफलेले असतात, त्यामुळे तो उपसणे परवडत नाही. मग दहा-बारा वर्षांच्या गाडीचा मालक सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर आणतो. गाणे फोनमधून ब्लूटूथने त्या ठोकळ्यात येते, तिथे एफएमचे सोंग घेते, टपावरच्या अँटेनापर्यंत जाते आणि तारेने पुन्हा डॅशबोर्डात उतरते, म्हणजे वीतभर अंतरासाठी गाडीभर वळसा. असा ठोकळा घेण्याआधी मी स्टिरिओचे माहितीपत्रक उघडून पाहतो. समोर छिद्र नसले तरी मागच्या जोडणीत ऑक्सच्या पिना दिलेले स्टिरिओ पुष्कळ आहेत, आणि तिथून एक तार ग्लोव्ह बॉक्समध्ये काढून घेणे हे माहीतगार वायरमनच्या दृष्टीने फार मोठे काम नसते.