पुडीचा कागद

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पुनर्विकासाला निघालेल्या डोंबिवलीतल्या एका इमारतीत मी दिवसभर पत्रं निवडत बसले होते. मेथीची जुडी निवडतात तशी. चार दिवसांनी घराची चावी बिल्डरला द्यायची होती, टेम्पो ठरला होता, फॅन उतरवून झाले होते, आणि दिवाणातून मात्र अजून कागद निघतच होते.

फडके रोडच्या मागे एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी सतरा वर्षं काम करते. लोकांना वाटतं आम्ही रिटर्न भरतो. भरतो, पण ते जुलैपुरतं. बाकी वर्षभर लोकांचे हरवलेले कागद शोधणं आणि नको असलेले त्यांच्या हातून सोडवणं हेच चालतं. हे घर ज्यांचं, त्या काकूंचं रिटर्नही आमच्याकडेच. काका वर्षापूर्वी गेले. मुलगा कॅनडात. त्याने फोनवर निकाल देऊन टाकला होता, "आई, सगळं रद्दीत दे, आता सगळं ऑनलाइन मिळतं." काकूंना ते पटलं नाही म्हणून त्यांनी मला बोलावलं.

काकांची पद्धत साधी होती. स्वयंपाकघराच्या दारामागे एक तार टांगलेली, खाली लाकडी चकती. जे पाकीट येईल ते फोडायचं, वाचायचं आणि कागद तारेत खुपसायचा. तार भरली की गठ्ठा उपसून सुतळीने बांधायचा, वर कागदाची पट्टी लावून साल घालायचं आणि दिवाणात टाकायचा. असे एकतीस गठ्ठे निघाले. प्रत्येक कागदाच्या मधोमध भोक. शिस्त होती, नाही असं नाही. पण बँकेचं पत्र, सोसायटीची नोटीस, कुणा भाचीच्या बारशाचं आमंत्रण आणि विम्याची पावती एकाच तारेत. आलं तसं.

अशा ठिकाणी मी एकच प्रश्न घेऊन बसते: हा कागद गेला तर पुन्हा मिळेल का? खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला यांना हात लावायचा नाही. नक्कल मिळते, पण ती मिळवताना जीव जातो. बँकेचं स्टेटमेंट, फोनचं बिल, लाइट बिल मिळतं. महावितरण तर छापील बिल नको म्हटलं की दर बिलामागे १० रुपये सूट देतं. जुने वटलेले-न वटलेले चेक बघायचीही गरज नाही. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीनच महिने आहे. खाते नंबर असलेले कागद मात्र अख्खे रद्दीत देत नाही, फाडून देते. या एका प्रश्नावर भराभर ढीग पडतात. मी यात तरबेज आहे असा माझा समज होता.

काकू शेजारी पाटावर बसून वेगळंच काम करत होत्या. लग्नपत्रिका. तीनेकशे तरी असतील. "यावर गणपती आहे गं, रद्दीत कसा द्यायचा?" खरं सांगायचं तर आपल्याकडच्या घरांत निम्मी अडगळ गणपतीमुळे साठते. पत्रिका, कॅलेंडर, दिवाळीची शुभेच्छापत्रं, अगदी सराफाच्या पिशव्याही. टाकवत नाही, ठेववत नाही. काकूंनी कात्री घेतली होती आणि प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती गोल कापून बाजूला ठेवत होत्या. कुंकवाचं बोट लागलेला कोपराही कापायचा. उरलेला जाड कागद माझ्या ढिगात. दुपारपर्यंत त्यांच्यापुढे परातभर गणपती जमले. सोनेरी, लाल, चॉकलेटी, एक मखमलीचा.

"पुडी बांधायला एखादा टाकाऊ कागद दे," त्या म्हणाल्या. मी रद्दीच्या ढिगातून हाताला आलेला एक लांबट कागद दिला. त्यांनी वाणी बांधतो तशी घट्ट पुडी बांधली, वर दोरा गुंडाळला आणि देवाच्या डब्यात ठेवली. अनंत चतुर्दशीला विसर्जनात द्यायची, असं ठरलं.

चारच्या सुमाराला १९९६ च्या गठ्ठ्यात मला डिव्हिडंड वॉरंटचा वरचा तुकडा सापडला. वॉरंट म्हणजे शेअरवरच्या नफ्याच्या वाट्याचा कंपनीने पाठवलेला चेक. तो फाडून बँकेत भरत, हा तुकडा आपल्याकडे राही. त्यावर फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीकडचा आपला खातेक्रमांक, दोघांची नावं आणि गिरगावातल्या चाळीचा पत्ता.

"हे शेअर कुठे आहेत, काकू?"

"कसले शेअर?"

मग हळूहळू उलगडा झाला. १९८६ साली काकांनी ऑफिसातल्या मित्राच्या नादाने एका कंपनीच्या पब्लिक इश्यूत पैसे घालून शेअर घेतले होते. १९९० मध्ये चाळ सोडून डोंबिवलीला आले. पत्ता बदलल्याचं पोस्टाला कळवलं, बँकेला कळवलं, कंपनीला राहिलं. चाळीतल्या शेजारीणबाई पाकिटं जपून ठेवत आणि काका गणपतीला तिकडे गेले की हातात देत. पुढे शेजारीणबाईही तिथून गेल्या. पुढच्या सगळ्या गठ्ठ्यांत पाहिलं, २००३ नंतर एकही तुकडा नाही. पाकिटं येत असतील, परत जात असतील. सात वर्षं सलग डिव्हिडंड घेतला नाही की कंपनी कायदा २०१३ प्रमाणे शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा होतात. त्याचे नियम २०१६ मध्ये आले, आणि त्यानंतर अशा कितीतरी घरांतले शेअर तिकडे गेले. बुडत नाहीत, मागता येतात, पण मागावे लागतात. त्यासाठी आयईपीएफ-५ नावाचा फॉर्म असतो. त्या निधीच्या साइटवर नाव टाकलं, तर दोघांचं नाव समोर. सर्टिफिकेट साड्यांच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत मिळालं.

शेअरवर काकांच्या पाठोपाठ दुसरं नाव काकूंचंच होतं, त्यामुळे काम सोपं, असं मी त्यांना सांगूनही टाकलं. संध्याकाळी रद्दीवाला आला, काटा लावला, बासष्ट किलो भरले. मी आनंदात घरी गेले.

पुढचे तीन आठवडे सहीत गेले. १९८६ ची काकूंची सही म्हणजे देवनागरीत पूर्ण नाव, रेषेवर बसवलेलं. आता हात कापतो, निम्म्यावर अक्षरं खाली उतरतात. बँक मॅनेजरसमोर बसवून सहीचा दाखला घेतला. आणि मग कंपनीच्या रजिस्ट्रारचं, म्हणजे शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्यांचं, पत्र आलं: नोंदीतला पत्ता आणि आताचा पत्ता जुळत नाही, जुन्या पत्त्याचा त्या काळातला पुरावा पाठवा.

पत्र वाचलं आणि पोटात गोळा आला. जुना पुरावा म्हणजे काय, तर लाइट बिल. चाळीतलं. बेस्टचं. दोन अख्खे गठ्ठे मी माझ्या हाताने रद्दीत टाकले होते. लाइट बिल दिसलं की 'मिळतं' म्हणून डावीकडे टाकायचं, एवढंच हाताला माहीत. महावितरणचं कालचं बिल मिळतं. अडतीस वर्षांपूर्वीचं गिरगावातलं मला कोण काढून देणार होतं? रेशनकार्ड बदलताना जुनं जमा केलेलं. काकांच्या ऑफिसात नोकरीवर लागतानाचा पत्ता गावचा.

रद्दीच्या दुकानात गेले. जायचं म्हणून गेले. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "मॅडम, तुमचा माल केव्हाच पुढे गेला. वापीला लगदा होऊन नवा कागदही झाला असेल त्याचा."

काकूंना फोनवर सांगवेना, म्हणून भाड्याच्या नव्या जागेत गेले. माझी चूक झाली, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी चहा टाकला. मला म्हणाल्या, "जाऊ दे गं, इतकी वर्षं नव्हतेच ते शेअर." त्याने जास्तच लाज वाटली. मान खाली घालून बसले होते, समोर देवघर होतं आणि देवाच्या डब्याशेजारी ती पुडी. दोऱ्याखाली छापलेली अक्षरं उलटी दिसत होती.

"काकू, ती पुडी सोडू का?"

"सोवळ्याचं काही नाही, पण हात धू."

हात धुतले. दोरा सोडला. गणपती स्टीलच्या डब्यात ओतले आणि कागद मांडीवर सरळ केला. बेस्टचं बिल, १९८८, चाळीचा पत्ता, काकांचं नाव. घड्यांवर थोडं कुंकू उतरलेलं. तारेचं भोक बरोबर आडनावाच्या शेवटच्या अक्षरात.

काकूंनी चष्मा लावून ते बिल वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "तेव्हा एकच पंखा होता आपल्याकडे."

झेरॉक्सवाल्याने तीन कॉप्या काढल्या. तिन्हींवर मधोमध काळा ठिपका आला. "मॅडम, काच पुसून परत काढू?" म्हणाला. मी म्हटलं, नको, भोक मूळचंच आहे. काकूंनी खाली सही केली, देवनागरीत, पूर्ण नाव. फाइल कंपनीकडे गेली आहे. उत्तर यायचं आहे.